कुटुंबाचं अपेक्षित योगदान

बसची चावी टेबलावर टाकून
बाप शेवटी बसला.
तीन आठवडे म्हणत होता, आज नको.
वेस्ट व्हर्जिनियात ऑक्टोबर लवकर अंधारतो,
आमच्या खोऱ्यात तर त्याहून आधी :
चार वाजताच डोंगर उन्हावर झाकण ठेवतो.

राज्याच्या अनुदानाचा अर्ज.
मिसेस प्रुइटनं शाळेत तीनदा बजावलं होतं,
तारीख चुकली की वर्ष गेलं.
नाव : रॅटलिफ, जोलीन.
घरात माणसं किती?
"तीन," मी म्हणाले.
"वेंडल धरून?"
"धरून."
"आणि तुझी आई?"
"ती डेटनला असते, डॅडी. चार वर्षं झाली."
"तरी विचार त्याला."
विचारलं. अर्ज म्हणाला, तीन.

मग उत्पन्न.
इथं तो उठला. शेगडीत लाकूड सारलं,
गरज नसताना.
बुटांच्या खोक्यातून कराचा कागद काढला
आणि आकड्यावर अंगठा ठेवूनच
माझ्याकडे सरकवला.
"हे त्यांना सांगायचं?"
"त्यांना माहीत असतं."
"मग विचारतात कशाला?"

अंगठा निघाला.
मी आकडा पाहिला, आणि पाहिलाच नाही असं दाखवलं.
त्या आकड्यात माझे दात बसत नव्हते,
दोन वर्षं तारा लावून सरळ केलेले.
वेंडलचा ट्रंपेट बसत नव्हता.
आणि तो स्वतः कशावर जेवत होता
हे मला त्या घरात सतरा वर्षं राहून
कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.
अर्जानंही विचारलं नाही.

बटण दाबलं.
पडद्यावर गोल गोल फिरत राहिलं काहीतरी,
शेगडीतलं लाकूड अर्धं जळेपर्यंत.
मग उमटलं :
कुटुंबाचं अपेक्षित योगदान, 0.

"किती?" त्याचा चष्मा बसमध्ये राहिला होता.
"शून्य."
"काय चुकलं आपलं?"
"काही नाही. शून्य चांगलं असतं, डॅडी.
शून्य आलं की पैसे मिळतात."
"शून्य," तो म्हणाला,
सगळी उत्तरं येत असून
भोपळा मिळालेल्या पोरासारखा.

एकोणीस वर्षं
वरच्या वस्तीची सेहेचाळीस पोरं
त्यानं धुक्यातून, बर्फातून,
दोनदा पुराच्या अगदी कडेकडेनं
शाळेच्या दारात उतरवली आहेत.
मोजून. एक कमी नाही.
माझी जागा पहिल्या बाकावर, त्याच्या आरशात.
हे लिहायला मी रकाना शोधला. खरंच शोधला.
'इतर' म्हणून एक होता.
तिथं पोटगी लिहायची होती.

तो बाहेर गेला.
पोर्चवर वेंडलचा भोपळा होता, हॅलोविनसाठी आणलेला.
बराच वेळ नुसता चाकूचा आवाज.

एप्रिलमध्ये पत्र येणार होतं,
राज्याचं इतकं, कॉलेजचं इतकं,
तरी सहाशे चाळीस डॉलर कमी,
आणि उन्हाळाभर तो चर्चच्या आवारातलं गवत कापणार होता,
आणि पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हाच अर्ज,
हेच खोकं, हाच अंगठा.
त्या रात्री यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
मी लॅपटॉप मिटला आणि दार उघडलं.

भोपळ्याला डोळे नव्हते. दात नव्हते.
एकच गोल भोक, बशीएवढं,
कडा इतक्या नीट तासलेल्या
की बोट फिरवावंसं वाटावं.
आत मेणबत्ती.
"याला तोंडच नाही!" वेंडल रडकुंडीला आला.
बापानं चाकू विजारीला पुसला,
दोन पायऱ्या उतरून, मान तिरकी करून पाहिलं.

"जरा मोठंच काढलंय," तो म्हणाला.
"खाली रस्त्यावरून दिसलं पाहिजे."